वाचकांचे प्रश्न : होलोकॉस्टमधून वाचलेल्या वृद्धांची भरपाई आणि सेवा

होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, वाचलेल्या ज्यूंच्या म्हातारपणावर गेल्या अंकात लेख आला. त्यानंतर महाराष्ट्रातून, तसेच इस्रायल आणि अमेरिकेतल्या मराठी वाचकांकडून प्रश्न आले. त्यांतले पाच इथे घेतले आहेत.

प्रश्न : जर्मनीने १९५२ मध्येच इस्रायलला भरपाई दिली होती ना? मग सत्तर वर्षांनंतरही वाटाघाटी कशाच्या चालतात? (पुणे)

१० सप्टेंबर १९५२ रोजी लक्झेंबर्गमध्ये करार झाला. पश्चिम जर्मनीने इस्रायल सरकारला ३०० कोटी मार्क आणि 'क्लेम्स कॉन्फरन्स' या ज्यू संस्थांच्या संघाला ४५ कोटी मार्क द्यायचे ठरले. इस्रायलच्या वाट्याचा बराचसा भाग जहाजे, यंत्रे, पोलाद अशा मालाच्या रूपाने आला. ज्याने छळ सोसला त्या माणसाच्या हातात यातले काही थेट पडले नाही. वैयक्तिक भरपाईसाठी जर्मनीत वेगळा कायदा झाला, पण त्याखाली अर्ज करण्याची मुदत १९६९ अखेर संपली. सोव्हिएत संघात आणि पूर्व युरोपात राहणाऱ्यांना त्या काळात अर्ज करणे शक्यच नव्हते.

ही भोके एकेक करून बुजवावी लागली. १९८० मध्ये 'हार्डशिप फंड' आला, तो एकरकमी मदतीचा. जर्मनी एक झाल्यावर १९९२ मध्ये 'आर्टिकल टू फंड' आला, त्यातून दरमहा पेन्शन मिळते. पूर्व युरोपात राहिलेल्यांसाठी तसाच फंड १९९८ मध्ये सुरू झाला. यातले काहीही आपसूक मिळालेले नाही. क्लेम्स कॉन्फरन्सला दरवर्षी जर्मन सरकारसमोर टेबलावर बसून, पुरावे मांडून एकेका गटाचा समावेश करून घ्यावा लागला, आणि ते काम अजून चालू आहे.

हे भांडण का करावे लागते ते घेट्टो पेन्शनच्या उदाहरणावरून नीट कळते. २००२ मध्ये जर्मनीने कायदा केला की घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्त्यांत, ज्यांनी 'स्वेच्छेने' आणि 'मोबदल्यावर' काम केले त्यांना सामाजिक विम्याची पेन्शन मिळेल. सक्तीची मजुरी वेगळ्या योजनेत मोडत होती, म्हणून ही अट. सुमारे सत्तर हजार अर्ज आले आणि त्यांतले ९० टक्क्यांहून अधिक नाकारले गेले. कारण काय? याच माणसांनी पन्नाससाठच्या दशकांतल्या अर्जांत 'माझ्याकडून जबरदस्तीने काम करून घेतले' असे लिहिले होते. तेव्हा तसे लिहिल्याशिवाय दखलच घेतली जात नसे. अधिकाऱ्यांनी जुन्या फायली काढल्या, दोन जबाब शेजारी ठेवले आणि विसंगती म्हणून शेरा मारला. मोबदला म्हणून वाडगाभर सूप किंवा पाव मिळाला असेल तर ती मजुरी नव्हे, असेही ठरवले. जून २००९ मध्ये जर्मनीच्या संघीय सामाजिक न्यायालयाने हा अर्थ बदलला. उपाशी माणसाला मिळालेले अन्न हाही मोबदलाच, आणि कुंपणाआडच्या 'स्वेच्छे'चा अर्थ त्या परिस्थितीतच लावायचा, असे न्यायालयाने म्हटले. थकबाकी जुलै १९९७ पासून मिळावी यासाठी कायद्यात दुरुस्ती व्हायला मात्र २०१४ उजाडले. दरम्यान कितीतरी अर्जदार वारले. विलंब हाच इथला सगळ्यात मोठा नकार आहे.

जानेवारी २०२४ मध्ये क्लेम्स कॉन्फरन्सने दिलेल्या आकड्यानुसार जगात सुमारे २,४५,००० वाचलेले हयात होते. त्यांतले जवळजवळ निम्मे इस्रायलमध्ये होते आणि मध्यक वय ८६ (निम्मे याहून मोठे). म्हणजे आज हयात असलेले बहुतेकजण छळाच्या वेळी लहान मुले होते. मुलांच्या नावे ना मजुरीचे कार्ड, ना सही, ना पगारपत्रक, त्यामुळे पुराव्याचे ओझे त्यांच्यावरच जास्त येते.

प्रश्न : आमच्या शेजारच्या आजी लेनिनग्राडच्या वेढ्यातून वाचलेल्या आहेत. १९३६ चा जन्म, १९९१ मध्ये इस्रायलला आल्या. पूर्वी एकदा जर्मनीकडून अडीच हजार युरोंच्या आसपास रक्कम मिळाली, तेव्हा 'आपले संपले' असे त्या म्हणतात. खरेच संपले का? (अश्दोद)

नाही. त्यांना मिळाली ती हार्डशिप फंडाची २,५५६ युरोंची एकरकमी मदत असणार. ती घेतल्याने पुढचे हक्क बुडत नाहीत.

पहिले म्हणजे, ऑक्टोबर २०२१ मध्ये जर्मनी आणि क्लेम्स कॉन्फरन्स यांच्यात झालेल्या समझोत्यात लेनिनग्राडला (आजचे सेंट पीटर्सबर्ग) जर्मन सैन्याने घातलेल्या वेढ्यात किमान तीन महिने अडकलेल्या ज्यूंसाठी दरमहा ३७५ युरोंची पेन्शन मान्य झाली. फ्रान्समध्ये लपून राहिलेल्यांचा आणि रुमानियात छळ सोसलेल्यांचाही त्याच योजनेत समावेश आहे. आजींनी यासाठी अर्ज केला आहे का, ते आधी विचारा. दुसरे, हार्डशिप फंड मिळालेल्या पण दरमहा पेन्शन नसलेल्यांना दरवर्षी एक जादा हप्ता मिळतो : २०२४ साठी १,२५० युरो, २०२५ साठी १,३००, २०२६ साठी १,३५० आणि २०२७ साठी १,४००. पेन्शन सुरू झाली की हा हप्ता बंद होतो, म्हणून दोन्हींची बेरीज गृहीत धरू नका. तिसरे, इस्रायल सरकारचे स्वतःचे लाभ वेगळे आहेत आणि ते होलोकॉस्ट वाचलेल्यांच्या हक्क प्राधिकरणाकडून मिळतात. दोन्हींचा ताळमेळ बसवून देणारी 'अवीव' ही संस्था इस्रायलमध्ये २००७ पासून फुकट सल्ला देते. आधी तिथे जा.

कागद कोणते लागतील? ओळखपत्र, जन्माचा दाखला, ज्यू असल्याचे दाखवणारे काही (सोव्हिएत जन्मदाखल्यावर आईवडिलांचे राष्ट्रीयत्व लिहिलेले असते, ते चालते), आणि वेढ्यात असल्याचा पुरावा. 'वेढ्यातल्या लेनिनग्राडचा रहिवासी' हा बिल्ला १९८९ पासून दिला गेला. त्याच्यासोबतचे प्रमाणपत्र बहुतेकांच्या कपाटात असते. बिल्ला दाखवून भागत नाही, प्रमाणपत्र लागते. छावणी किंवा घेट्टोचा प्रश्न असेल तर जर्मनीतल्या बाड आरोलसनच्या अभिलेखागारात शोध घ्या. तिथे सुमारे तीन कोटी कागद आहेत, आणि चौकशीला पैसे पडत नाहीत.

गाडी अडते ती बहुधा नावापाशी. रशियन, हिब्रू आणि जर्मन कागदांवर एकाच बाईची तीन स्पेलिंगे, लग्नाआधीचे आडनाव एकीकडे आणि नंतरचे दुसरीकडे, जन्मतारखेत वर्षभराचा फरक. हे लपवू नका, दुरुस्त करून घेण्यात महिने घालवू नका. अर्जासोबत सगळी रूपे एका कागदावर लिहून, फरक का पडला ते दोन ओळींत सांगा. आधीच्या अर्जाची प्रत असेल तर ती समोर ठेवूनच नवा अर्ज भरा. घेट्टो पेन्शनचा अनुभव वर दिलाच आहे.

उत्पन्न आणि मालमत्तेची मर्यादा असलेल्या योजना आहेत, पण त्यांत सगळेच उत्पन्न मोजत नाहीत. फॉर्मवरची व्याख्या वाचण्याआधी आपणच आपल्याला अपात्र ठरवू नये.

पैसे सुरू झाल्यावरची जागरूकता म्हणजे हयातीचा दाखला. तो ठरलेल्या वेळी अधिकृत माणसासमोर सही करून परत गेला नाही की पेन्शन थांबते. पत्ता बदलला, मुलीकडे राहायला गेल्या, पाकीट जुन्या घरी पडून राहिले, असे सर्रास होते. ही तपासणी कडक आहे त्यालाही कारण आहे. २०१० मध्ये न्यूयॉर्कमध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणात खोट्या अर्जांवर कोट्यवधी डॉलर लाटले गेले होते. तेव्हा दाखला मागितला म्हणून चिडू नका, पण तो भरायला आजींच्या शेजारी बसा.

क्लेम्स कॉन्फरन्स अर्जाचे शुल्क घेत नाही. 'टक्केवारीवर काम करून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि उशीर करू नका. अर्ज दाखल झाल्यावर अर्जदार वारल्यास काही योजनांत पती, पत्नी किंवा मुलांना रक्कम मिळू शकते. मृत्यूनंतर मुलांनी नवा अर्ज करणे बहुतेक योजनांत चालत नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत वृद्धांच्या केंद्रात काम करते. जर्मनीहून पैसे आले तर मेडिकेड बंद होईल, या भीतीने एक आजोबा अर्जच करत नाहीत. (एडिसन)

त्यांना आजच सांगा की भीती चुकीची आहे. नाझी छळाच्या भरपाईपोटी मिळालेले पैसे गरजेवर आधारित केंद्रीय लाभांच्या पात्रतेत मोजायचे नाहीत, असा कायदा अमेरिकेत १९९४ मध्ये झाला. मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) आणि एसएसआय (गरजू वृद्ध व अपंगांचा मासिक भत्ता) दोन्ही त्यात येतात. घोटाळा होतो तो पैसे एकाच खात्यात मिसळल्यामुळे. नातवाने पाठवलेले, सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शनचे) आणि भरपाईचे पैसे एकत्र झाले की शिल्लक कशाची ते दाखवता येत नाही, आणि कचेरीतल्या नव्या कर्मचाऱ्याला हा कायदा ठाऊक असेलच असे नाही. भरपाईसाठी वेगळे खाते उघडा, त्यात दुसरे काही जमा करू नका, आणि देणाऱ्या संस्थेचे पत्र दरवर्षीच्या फेरतपासणीला सोबत न्या. तरी नकार आला तर तो लेखी मागा आणि मुदतीत अपील करा.

प्रश्न : माझे आजोबा १९३८ मध्ये बर्लिनहून मुंबईला पळून आले. युद्धात ब्रिटिशांनी त्यांना जर्मन नागरिक म्हणून पुरंदरच्या किल्ल्यावर ठेवले होते. आता ते नाहीत. आम्हा नातवंडांना काही मागता येईल का? (मुंबई)

भरपाईची रक्कम बहुधा नाही. वैयक्तिक भरपाईची मुदत १९६९ ला, आणि पूर्व जर्मनीतल्या घरजमिनीवरच्या दाव्यांची मुदत १९९२ अखेर संपली. पण आजोबांनी स्वतः पूर्वी दावा केला होता का, हे पाहता येते. बर्लिनच्या भरपाई कचेरीत त्या काळच्या फायली आहेत आणि नातेवाइकांना चौकशी करता येते. अशा फायलीत पत्ते, दुकानाची यादी, नातलगांची नावे सापडतात. पुरंदर आणि साताऱ्याच्या नजरबंदीचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधावेत.

नागरिकत्वाचा हक्क मात्र जिवंत आहे. परदेशी राहणाऱ्या जर्मन ज्यूंचे नागरिकत्व २५ नोव्हेंबर १९४१ च्या फर्मानाने काढून घेतले गेले. ते वंशजांना परत मागण्याची तरतूद जर्मन राज्यघटनेच्या कलम ११६ मध्ये आहे आणि त्याला शुल्क नाही. सही करण्यापूर्वी एक नीट समजून घ्या : भारतीय कायद्याने दुहेरी नागरिकत्व चालत नाही. स्वतःहून दुसरे नागरिकत्व घेतले की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. पुढे ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड घेता येते, पण त्यावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन घेता येत नाही. घरात सर्वांशी बोलून मगच ठरवा.

कोल्हापूरच्या दोन वाचकांनी युद्धकाळातल्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीबद्दल याच धर्तीवर विचारले आहे. तिथले बहुतेक पोलिश लोक सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ मध्ये हद्दपार केलेले होते. त्यांचे हाल कमी नव्हते, पण ते जर्मन योजनांच्या कक्षेत येत नाहीत.

प्रश्न : मी सांगलीची, हैफात ८८ वर्षांच्या आजींची देखभाल करते. त्यांना विस्मरण आहे. अंघोळीला नेले की किंचाळतात, मारतात. त्या हंगेरीच्या, लहानपणी छावणीत होत्या. काय करू? (हैफा)

तुम्ही काही वाईट करत नाही आहात, आणि त्याही हट्ट करत नाहीत. विस्मरणात नजीकचे पुसले जाते आणि लहानपणीचे वर येते. छावणीत नेलेल्यांना अनोळखी माणसांसमोर कपडे उतरवायला लावत, केस कापत, फवाऱ्याखाली उभे करत. वरून अचानक पडणारे पाणी, बंद दार, फरशीवर घुमणारा आवाज यांतले काहीही त्यांना तिथे परत नेते.

म्हणून वरचा शॉवर वापरूच नका. हाताचा फवारा किंवा बादली आणि तांब्या घ्या. खोली आधी गरम करा, दार अर्धवट उघडे ठेवा. आजींना खुर्चीवर बसवा, खांद्यावर आणि मांडीवर मोठा टॉवेल राहू द्या, आणि टॉवेलखालून एकेक भाग धुवा. पाणी पहिल्यांदा त्यांच्या हातावर सोडा, मग पायांवर. डोके शेवटी, किंवा वेगळ्या दिवशी. कपडे त्यांच्या नजरेसमोरच ठेवा; ते उचलून बाहेर नेले की भीती वाढते. 'चला, लवकर, कपडे काढा' असे हुकमाचे बोलू नका. पुढे काय करणार ते हळू आवाजात सांगा आणि थांबा. फारच बिनसले तर त्या दिवशी पलंगावरच ओल्या कापडाने पुसून घ्या. रोज अंघोळ झालीच पाहिजे असे नाही.

पाव उशीखाली किंवा कप्प्यात लपवतात का? बहुतेक लपवत असतील. त्यांच्यादेखत फेकू नका. झाकणाचा डबा द्या, त्यात रोज ताजा पाव ठेवा, आणि जुना त्या झोपल्यावर बदला. जेवण ठरल्या वेळी द्या, ताट उष्टे राहिले तरी समोरून झटकन उचलू नका. रात्री मंद दिवा हवा. हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजल्यावर सुरक्षित खोलीत न्यायचे असेल तर हात धरून, नाव घेऊन न्या. इस्पितळात भरती करावी लागली तर नर्सला आधीच लिहून द्या : छावणीतून वाचलेल्या आहेत, हात बांधू नयेत, कपडे काढताना सांगावे, एकटे ठेवू नये.

त्या हिब्रू विसरून हंगेरियन बोलू लागल्या असतील, तर दहाबारा शब्द शिकून घ्या : पाणी, पाव, दुखते का, मी इथेच आहे. मुलांकडून हे शब्द फोनवर म्हणून घ्या आणि देवनागरीत लिहून स्वयंपाकघरात चिकटवा.

आणि एकटीने सगळे उचलू नका. जर्मनीकडून येणाऱ्या पैशांतला मोठा वाटा आता घरातल्या सेवेसाठीच असतो. तो वाचलेल्यांच्या खात्यात जात नाही, स्थानिक सेवासंस्थांमार्फत सेवेचे तास म्हणून येतो. तास ठरतात ते अंघोळ, कपडे, जेवण, चालणे यांत किती मदत लागते याच्या मूल्यमापनावरून. मूल्यमापनाला माणूस येतो त्या दिवशी आजी नीटनेटक्या बसतात, 'मला सगळे येते' म्हणतात आणि तास कमी होतात. तुम्ही त्या वेळी हजर राहा. त्याआधी दोन आठवडे वही ठेवा : रात्री किती वेळा उठल्या, कितीदा पडल्या, अंघोळीला किती वेळ लागला. वही मूल्यमापकासमोर ठेवा आणि तिची प्रत आजींच्या मुलांना द्या. तब्येत ढासळली की फेरमूल्यमापन मागता येते. पुढच्या वर्षाची वाट पाहू नका.