ब्रिटनमध्ये घोड्यांच्या शर्यती हा फक्त राजघराण्याचा आणि श्रीमंतांचा शौक आहे का? सामान्य माणसाचा त्याच्याशी काय संबंध?

नाही. खरं तर उत्तर इथेच संपलं. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरपासून लिव्हरपूलला शिकायला चाललोय आणि 'तिकडच्या जुगारापासून लांब राहा' असं घरून बजावलंय, ते वाचून राहवलं नाही. मीही तिथेच शिकलो आणि शिकताना जवळजवळ वर्षभर बेटिंग शॉपच्या काउंटरवर बसलो. त्यावरून आमच्या घरी जे रामायण घडलं ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

तुमच्या डोळ्यांसमोर आहे ते अ‍ॅस्कॉट, राजघराणं हजेरी लावतं त्या शर्यती. जूनमधलं ऊन, बग्गीतून येणारा राजा, बायकांच्या डोक्यावर फुलदाण्यांसारख्या टोप्या. तो कपड्यांचा समारंभ आहे, मधूनमधून घोडे पळतात. सामान्य माणसाची शर्यत म्हणजे एप्रिलमधली ग्रँड नॅशनल. लिव्हरपूलच्या उत्तर अंगाला एन्ट्री नावाचा भाग आहे (नावावर जाऊ नका), तिथे 1839 पासून होते. सव्वाचार मैलांहून थोडं जास्त अंतर आणि 30 उड्या. आसपास विटांच्या, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगा. त्या आठवड्यात प्रत्येक ऑफिसात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, हॉस्पिटलच्या वॉर्डात घोड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या कपात टाकून काढतात. माणशी एक-दोन पौंड. घोड्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठली हे न कळणारेही चिठ्ठी उचलतात.

1973, 1974 आणि 1977 अशी तीनदा ही शर्यत जिंकलेला रेड रम हा घोडा. त्याचा ट्रेनर आधी टॅक्सी चालवायचा, मग जुन्या गाड्या विकायचा. गाड्यांच्या शोरूमच्या मागे तबेला आणि सराव साउथपोर्टच्या समुद्राच्या वाळूत. मालक पैसेवाला होता, ते कबूल. पण हा घोडा गेला तेव्हा त्याला एन्ट्रीला विनिंग पोस्टपाशी पुरलं, आणि माणसं आजही तिथे फुलं ठेवतात.

श्रीमंतांचा शौक म्हणायचंच असेल तर कायद्याला म्हणा. 1961 च्या मे महिन्यात बेटिंग शॉप्स उघडेपर्यंत रेसकोर्सबाहेर रोख पैसे लावणं बेकायदा होतं. साहेब लोक बुकीकडे खातं ठेवून फोनवरून उधारीवर लावायचे, ते चालायचं. गोदीतल्या हमालाने पबमागच्या गल्लीत बुकीच्या माणसाच्या हातावर शिलिंग ठेवलं की पोलीस धरायचे. असो.

आता माझी गोष्ट. मी पुणे जिल्ह्यातला, मंचरजवळचा. आमच्याकडे बैलगाडा आहे. ज्यांना आंबेगाव-जुन्नर माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. थोरला भाऊ, अण्णा, घाटात, म्हणजे बैलगाड्याच्या शर्यतीच्या चढावर, गाडा पळवणारा माणूस. वडील लवकर गेले, म्हणून त्यानेच मला वाढवलं आणि पावकी, निमकी, अडीचकी छडी मारून पाठ करून घेतली.

त्या पाढ्यांवरच मला नोकरी मिळाली म्हणा ना. इंग्रज घोड्याचा भाव, म्हणजे एका पौंडावर किती जिंकाल ते, अपूर्णांकात सांगतो. 5/2 म्हणजे अडीच, 7/2 म्हणजे साडेतीन, 9/4 म्हणजे सव्वादोन, 11/4 म्हणजे पावणेतीन. दिडीला 3/2 म्हणत नाहीत, 6/4 म्हणतात, का ते त्यांचं त्यांना ठाऊक. तिथली पोरं कॅल्क्युलेटर शोधायची, तोवर माझा हिशोब तोंडावर तयार. मॅनेजर खूश. घरी मात्र मी 'एका दुकानात कामाला आहे' एवढंच सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते.

4 एप्रिल 2009, शनिवार. नोकरीला लागून सहा आठवडे झालेले. दुकान वॉल्टनमध्ये, रेसकोर्सपासून चालत जाण्याच्या अंतरावर. सकाळपासून रांग फुटपाथवर. एरवी आमच्याकडे तेच ते पंधरा-वीस म्हातारे, पण त्या दिवशी वर्षात एकदाच येणारी जनता. वीजबिलाच्या पाकिटामागे अख्ख्या घराची यादी: नवऱ्याचा घोडा, नातीचा घोडा, कुत्र्याच्या नावानेही एक घोडा. आपल्याकडे आठवडी बाजाराला जाताना शेजारणींची यादी घेतात, अगदी तसं.

एक आजीबाई आल्या, चष्मा घरी विसरून. त्यांना हवा होता मॉन मोम नावाचा घोडा. भाव 100/1, म्हणजे कोणी विचारत नाही असा. फ्रेंच नाव आहे, 'माझं पोर' असा काहीसा अर्थ. आजींना त्यात आई ऐकू आलं, मला मेण. स्लिप गिऱ्हाइकानेच लिहायची असा नियम, पण मागे रांग, म्हणून मी लिहून दिली. आजी म्हणाल्या एक पौंड ईच-वे. म्हणजे एक पौंड पहिल्या नंबरावर आणि एक पौंड पहिल्या चारात येण्यावर, एकूण दोन. मी घाईत दोन पौंड लिहिले आणि ईच-वे लिहायचं विसरलो. म्हणजे दोन्ही पौंड पहिल्या नंबरावरच. मशीनमधून पावती निघाली तेव्हाही ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

सव्वाचारला शर्यत सुटली. त्या साडेनऊ मिनिटांत काउंटरला काही काम नसतं, सगळे टीव्हीखाली. 40 घोडे. पहिल्या फेरीत लोक ओरडतात, दुसऱ्या फेरीत गप्प होतात, आणि शेवटचे दोन अडथळे राहिले की छप्पर उडतं. नेमका तेव्हा खिशातला फोन वाजला. तिकडे पावणेनऊ वाजून गेलेले, अण्णाची जेवणं उरकलेली. मी सवयीने उचलला.

"मागे कसला गलका आहे?" आणि मी काही बोलायच्या आत, "अरे, ही शर्यत आहे."

त्याला इंग्रजी ओ की ठो कळत नाही. पण समालोचकाचा आवाज शेवटाकडे कसा चढतो हे घाटात निम्मं आयुष्य घालवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी खरं सांगून टाकलं. तो म्हणाला, "म्हणजे घोड्याच्या जुगारावर शिकतोयस तू?" फोन ठेवला. पुढे आठ महिने माझ्याशी बोलला नाही.

मॉन मोम बारा लेंथने, म्हणजे बारा घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने, जिंकला. 1967 नंतर पहिल्यांदाच 100/1 चा घोडा आला होता. आजींचे ठरल्याप्रमाणे 127 पौंड व्हायला हवे होते, माझ्या चुकीमुळे झाले 202. मॅनेजर म्हणाला, स्लिपवर आहे तेच द्यायचं. आजींनी नोटा पर्समध्ये घातल्या, चेन लावली आणि मला म्हणाल्या, "तिसरा आला असता तर तुझी खैर नव्हती, लव्ह."

ह्याच आजींनी 1997 चं सांगितलं. बॉम्बच्या धमकीमुळे रेसकोर्स रिकामं केलं, हजारोंच्या गाड्या आत अडकल्या, आणि शर्यत सोमवारी घेतली. ते दोन दिवस आसपासच्या लोकांनी अनोळखी माणसं घरात झोपवली. आजींकडे चौघं होते, एक जण बाथटबात. श्रीमंतांचा शौक म्हणे!

आता अण्णाचं. 2014 ला सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यती बंद केल्या. अण्णाने बैल विकले नाहीत. सात वर्षं दावणीला बांधून खुराक चालू, अंडी, दूध, सगळं. वहिनी काय बोलायची ते इथे लिहीत नाही. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली तेव्हा त्याने मला फोन केला आणि रडला. म्हणाला, ही परंपरा आहे, हे कोर्टातल्या लोकांना कळत नाही. मी म्हटलं, मग वॉल्टनच्या आजींची ती परंपरा नव्हती का? तर म्हणे, आम्ही पैसे लावत नाही. घाटाच्या कडेला कोण काय लावतं ते मी लहानपणापासून बघितलंय, पण थोरल्या भावाला कसं तोंड देणार. 1996 मध्ये आपल्याच सुप्रीम कोर्टाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ जुगार नाही, असा निकाल दिलाय, हेही त्याला पाठवलं. ब्ल्यू टिक आली, उत्तर नाही. तुमच्या घरच्यांना हवं तर तेच पाठवा.

एक सांगायचं राहिलं, आणि ते आधी सांगायला हवं होतं. दुकानाच्या कोपऱ्यात चार मशीन होती, रुलेटची, म्हणजे फिरत्या चक्रावरच्या जुगाराची. त्या काळी एका वेळेला 100 पौंड लावता यायचे, आणि दर वीस सेकंदांनी पुन्हा. घोड्यावर लावणारा माणूस पेपर वाचतो, भांडतो, टीव्हीला शिव्या घालतो, दिवसभरात दहा पौंड घालवून घरी जातो. मशीनवाला कोणाशी बोलत नाही. प्लास्टरिंगचं काम करणारा एक जण दर शुक्रवारी कपड्यांवर चुना तसाच घेऊन यायचा आणि पगाराचं पाकीट संपेपर्यंत उभा राहायचा. मी त्याला नोटा मोडून द्यायचो. 2019 मध्ये सरकारने ती मर्यादा 2 पौंडांवर आणली, पण आता तोच खेळ फोनवर आलाय. नोव्हेंबर 2025 च्या बजेटमध्ये ऑनलाइन कॅसिनोवरचा कर 21 टक्क्यांवरून 40 केला आणि घोड्यांवरचा 15 तसाच ठेवला. त्यासाठी रेसिंगवाल्यांनी सप्टेंबरात एक दिवस शर्यतीच बंद ठेवल्या होत्या. मला ते पटलं. तेव्हा घोड्यावर वर्षातून दोन पौंड लावा, फोनवर ते अ‍ॅप मात्र घेऊ नका. त्या प्लास्टरवाल्याचं मी अण्णाला कधी सांगितलं नाही.

बघायला जायचं असेल तर लिव्हरपूल सेंट्रलहून ऑर्मस्कर्कची गाडी पकडा, एन्ट्री स्टेशन रेसकोर्ससमोरच आहे.

2024 ला अण्णा आला होता. नेलं. त्या वर्षापासून घोडे 40 वरून 34 वर आणलेत, आदल्या वर्षी एक घोडा पहिल्याच अडथळ्यावर मेला होता आणि आंदोलकांनी शर्यत रोखून धरली होती. हे मी त्याला गाडीत सांगितलं. तिथे त्याने टोप्या बघितल्या नाहीत, बोर्डावरचे भाव बघितले नाहीत, फक्त घोड्यांचे पाय बघत राहिला. त्या शर्यतीत एकही घोडा दगावला नाही. परतताना स्टेशनवर म्हणाला, "जनावर चांगलं ठेवतात." मग बराच वेळ गप्प, आणि मग, "पण गेल्या वर्षी मेला त्याच्या मोतद्दाराने दुसऱ्या दिवशी काय केलं असेल रे?"