पडद्यावरची ख्रिस्ती श्रद्धा

प्रश्न : मी ख्रिस्ती आहे. चित्रपटांत आणि मालिकांत आमची श्रद्धा दिसते ती बहुतेक वेळा भूत काढणाऱ्या फादरच्या रूपात, नाहीतर एखाद्या ढोंगी धर्मगुरूच्या रूपात. मी आक्षेप घेतला की मित्र म्हणतात, करमणूक आहे, एवढे मनाला लावून घेऊ नकोस. माझा आक्षेप अनाठायी आहे का?
– एक वाचक

उत्तर : आपला आक्षेप अनाठायी नाही. मात्र त्यात दोन निरनिराळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि त्या वेगळ्या करून पाहणे आवश्यक आहे.

भयपटांविषयीची आपली तक्रार पूर्णपणे रास्त आहे. तेथे फादर क्रूस आणि पवित्र पाणी घेऊन रात्री एकटाच निघतो. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ११७२ वे कलम मात्र सांगते, की बिशपची खास आणि स्पष्ट परवानगी असल्याशिवाय अपदूताने ग्रस्त व्यक्तीवर भूत काढण्याचा विधी कोणालाही करता येत नाही, आणि ती परवानगीही भक्ती, ज्ञान, विवेक व निर्मळ आचरण असलेल्या धर्मगुरूलाच द्यायची असते. आजार आणि अपदूताची बाधा यांत गल्लत होऊ नये, याविषयीही चर्च सावध असते. हा सावधपणा पडद्यावर क्वचितच येतो, कारण कॅमेऱ्याला डोळ्यांना दिसेल असे काहीतरी हवे असते : झगा, मेणबत्त्या, पापनिवेदनाची जाळी. म्हणूनच ज्या प्रोटेस्टंट कुटुंबांची श्रद्धा मुख्यतः बायबलवाचनात, प्रार्थनेत आणि गीतांत असते ती चित्रपटांत फारशी भेटत नाहीत; आणि नोकरी, संसार, आजारपण सांभाळत शांतपणे प्रार्थना करणारा सामान्य ख्रिस्ती माणूस तर जवळजवळ नाहीच. माझ्या मते खरी हानी येथे होते, कारण श्रद्धा ही केवळ भयाच्या प्रसंगी बाहेर काढायची वस्तू आहे, असा समज त्यातून दृढ होतो.

चुकीच्या चित्रणाचा सगळा दोष चित्रपटवाल्यांच्या माथी मारणेही बरोबर नाही. येशूची अनुयायी मग्दालिया मरीया हिला पडद्यावर वारंवार वेश्या म्हणून दाखवले जाते, पण बायबलमधील येशूचे चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत तसे कोठेही म्हटलेले नाही. त्यांपैकी एकाचा लेखक लूक एवढेच सांगतो, की तिच्यातून सात भुते निघाली होती. तिची आणि लूकच्याच शुभवर्तमानातील निनावी पापी स्त्रीची सरमिसळ पश्चिमेकडे रूढ झाली ती मुख्यतः ५९१ मधील पोप ग्रेगरी यांच्या प्रवचनामुळे. चर्चनेच शतकानुशतके जपलेली समजूत पुढे चित्रपटांनी उचलली.

ढोंगी धर्मगुरूंच्या चित्रणाबाबत मात्र मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. कॅथलिक धर्मगुरूंनी मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार चर्चमधील वरिष्ठांनी दडपल्याचे बॉस्टन ग्लोब या अमेरिकन वृत्तपत्राने २००२ मध्ये उघडकीस आणले. त्यावरील २०१५ चा ‘स्पॉटलाइट’ हा चित्रपट कॅथलिकविरोधी नाही, असे व्हॅटिकनच्याच दैनिकाने लिहिले. ज्यांनी हे सोसले ते बहुतेक श्रद्धावंत घरांतीलच होते. त्यांची व्यथा सांगणाऱ्या कलाकृतीला धर्मनिंदा म्हणणे हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरेल.

आपल्याला एक चित्रपट आवर्जून सुचवतो. पिएर पाओलो पासोलिनी हा इटालियन दिग्दर्शक मार्क्सवादी होता आणि स्वतःला नास्तिक म्हणवत असे. त्याने १९६४ मध्ये मत्तयच्या शुभवर्तमानावर चित्रपट केला तेव्हा संवाद त्या ग्रंथातूनच घेतले, भूमिका अव्यावसायिक कलावंतांना दिल्या आणि चित्रपट पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केला. १९९५ मध्ये व्हॅटिकनने उल्लेखनीय चित्रपटांची यादी केली, तीत त्याचा समावेश आहे. आपल्या मित्रांना तो दाखवा आणि मग भयपटांतला फादर नेमका कोठे खोटा आहे, हे त्यांना कलम ११७२ सह सांगा.