नाव घालण्याआधी वर्गात बसून बघा

ऑटिस्टिक मुलांच्या शाळेविषयी सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेली चार पत्रं या अंकात घेतली आहेत. पत्रं मोठी होती, मुद्द्यापुरती ठेवली आहेत. नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो, अंक आणि अक्षरं ओळखतो. इसा तपासणीत ९८ गुण आले. बालवाडीत आवाज वाढला की कान झाकून बाकाखाली जातो. सासूबाई म्हणतात, "चार मुलांत घाल, आपोआप बोलेल." थेरपीच्या मॅडम विशेष शाळा सुचवतात. जूनमध्ये पहिलीत नाव घालायचं आहे. काय करू? — एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आधी ९८ या आकड्याचं बघू. तुमच्या घरातला वाद त्याच्याभोवतीच फिरतोय असं पत्रावरून दिसतं. इसा ही स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, मोजण्याची भारतीय पट्टी. तिच्यात ४० मुद्दे असतात आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० ते १०६ सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. हा आकडा दिव्यांग प्रमाणपत्राला आणि सवलतींना लागतो. मूल कुठल्या वर्गात शिकेल हे तो सांगत नाही. ९८ गुणांची दोन मुलं असतील, तर एक शेजारच्याचं बघून दप्तर उघडेल आणि दुसऱ्याला हात धरून दाखवल्याशिवाय सुरुवातच होणार नाही. या दोघांना एकच शाळा सुचवता येत नाही.

सगळ्यांत जास्त वजन द्यायचं ते एका गोष्टीला : सर्वांना मिळून दिलेली सूचना त्याच्यापर्यंत पोचते का? ४० मुलांच्या वर्गात बाई दिवसभर "वह्या काढा", "ओळीत उभे राहा" असंच बोलतात, एकेकाचं नाव घेत नाहीत. घरी करून बघा. दोन-तीन भावंडं जमलेली असताना, त्याच्याकडे न बघता, हातवारे न करता म्हणा, "चला, सगळ्यांनी चपला घाला." तो उठला तर उत्तम. इतरांना बघून उशिरा उठला तरी चांगलंच, कारण बघून करणं हेच वर्गात टिकण्याचं मुख्य साधन आहे. पाच-सहा वेगवेगळ्या सूचनांना, वेगवेगळ्या दिवशी काहीच हालचाल झाली नाही, तर मोठ्या वर्गात तो बसेल, पण शिकणार नाही. सासूबाईंचं म्हणणं इथेच अडतं. नुसतं चार मुलांत बसल्याने बोलणं येत नाही. त्या मुलांकडे त्याचं लक्ष जावं लागतं आणि तसं लक्ष द्यायला बऱ्याचदा आधी शिकवावं लागतं.

दुसरं, पाणी, लघवी, "नको" आणि "दुखतंय" या चार गोष्टी अनोळखी माणसाला तो कशा सांगतो? शब्दाने, खुणेने, चित्र दाखवून, कसंही चालेल. चित्र दिलं तर बोलणं थांबेल ही भीती मनातून काढा. चित्रांमुळे बोलणं मागे पडत नाही, उलट काही मुलांचं वाढतं. तिसरं, तो पळतो का? पळत असेल तर अभ्यासाच्या आधी फाटकाचं विचारा : मधल्या सुट्टीत ते कोण लावतं, सुट्टीनंतर मुलं कोण मोजतं. होटगी रोड किंवा विजापूर रोडला लागून शाळा असेल तर हा प्रश्न पहिला.

आता शाळा बघायला जा. ऑफिसमध्ये बसून माहिती घेऊ नका. एक तास आणि एक मधली सुट्टी बघायला मिळावी अशी विनंती करा. नेहमीच्या शाळेत मुख्याध्यापक "घेऊ की" म्हणतात आणि जिच्या वर्गात मूल जाणार त्या बाईंना जूनमध्ये कळतं. म्हणून वर्गशिक्षिकेला भेटल्याशिवाय निघू नका. पट किती, पंख्याचा खडखडाट किती, स्वच्छतागृह किती लांब आणि मूल रडलं तर त्याला कुठे नेतात, एवढं बघितलं की बरंच कळतं.

विशेष शाळेतही पाटी वाचून निर्णय घेऊ नका. बऱ्याच विशेष शाळा बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी आहेत. तिथे वाचता येणारं ऑटिस्टिक मूल दिवसभर रंग भरत बसतं आणि शांत आहे म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. शिक्षकाकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा. क्रमांक मागायला संकोच नको, परिषदेच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. ऑटिस्टिक मुलांसाठी ५ मुलांमागे १ विशेष शिक्षक हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या निकालात धरलं आहे, तेही विचारा. आणि एक प्रश्न जरूर टाका : "गेल्या तीन महिन्यांत एखाद्या मुलाला तुम्ही नवीन काय शिकवलंत आणि ते आलं हे कशावरून ठरवलंत?" चांगली शाळा लगेच वही काढून दाखवते.

तुम्ही लिहिलंय त्यावरून आमचं मत नेहमीच्या शाळेकडे झुकतं, पण लहान पटाच्या, आणि थेरपी चालू ठेवून. चपलांच्या सूचनेवर तो कधीच हलला नाही तर मात्र एखादं वर्ष विशेष वर्गात गटात बसायला शिकवून मग नेहमीच्या शाळेत आणणं बरं. दोन्हीकडे अर्धा अर्धा दिवस हा मार्ग ऐकायला छान वाटतो, पण दोन ठिकाणचे नियम, दोन प्रवास आणि संध्याकाळची थेरपी यांत मूल थकतं. नाव एका शाळेच्या पटावर ठेवा आणि दिवाळीपर्यंत बघा. दिवाळीत काय आलं, काय नाही हे शिक्षिकेसोबत बसून कागदावर लिहा.

बाकाखाली जाण्याविषयी. दोन आठवडे एका वहीत तीन रकाने भरा : आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, नंतर मोठ्यांनी काय केलं. अनेकदा उलगडा साधाच असतो. परिपाठाला भोंगा लागतो, मूल बाकाखाली जातं, बाई त्याला बाहेर नेतात, बाहेर शांत असतं. म्हणजे त्याला अभ्यासाचा नव्हे, भोंग्याचा त्रास आहे. मग परिपाठात भोंग्यापासून लांब, ओळीच्या टोकाला उभं करायचं, किंवा पहिला महिना परिपाठ संपल्यावर वर्गात आणायचं. सोबत "आवाज" असं एक चित्रकार्ड द्या. ते दाखवलं की दोन मिनिटं व्हरांड्यात जायला मिळेल असं ठरवा. कार्ड दाखवल्यावर "थांब जरा" म्हटलं, की दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बाकाखाली.

दिवसाचं चित्रांचं वेळापत्रक आतापासूनच घरी सुरू करा. पुठ्ठ्याची उभी पट्टी, तिच्यावर वेल्क्रो आणि तळहाताएवढी पाच-सहा चित्रं. नेटवरची नकोत, त्याच्याच डब्याचा, त्याच्याच रिक्षाचा, त्याच्याच वर्गाचा फोटो घ्या. पट्टीखाली एक पाकीट लावा. काम झालं की त्याने स्वतः चित्र काढून पाकिटात टाकायचं. हे फसतं ते दोन कारणांनी. पहिल्याच दिवशी बारा चित्रं लावली जातात, किंवा दिवस बदलतो आणि पट्टी तशीच राहते. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू होते, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत सुट्टी आणि गर्दी असते. असे बदल आदल्या संध्याकाळी पट्टीवर दिसले पाहिजेत. एकदा पट्टी खोटी ठरली की मूल तिच्याकडे बघणं सोडतं.

प्रश्न : आम्ही घरी तेलुगू बोलतो. मुलगी चार वर्षांची, ऑटिस्टिक, अजून बोलत नाही. कुणी म्हणतं घरातही मराठीच बोला, कुणी म्हणतं इंग्रजी शाळेत घालायची तर इंग्रजीच. — एक वडील, अशोक चौक परिसर

उत्तर : दादा, घरात तेलुगूच बोला. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडत नाही, असंच आजवरच्या अभ्यासांतून दिसलं आहे. उलट आजी-आजोबा तेलुगूत गप्पा मारताहेत आणि मुलीशी मात्र सगळे अडखळत इंग्रजीत, "सिट", "कम" एवढंच बोलताहेत, असं झालं तर तिच्याशी होणारं बोलणंच आटतं. चित्रकार्डं घर आणि शाळा दोन्हीकडे एकच ठेवा, शब्द ज्या त्या भाषेत म्हणा. शाळेचं माध्यम निवडताना पुढची दहा वर्षं घरी अभ्यास कोण घेणार आणि आपल्याकडे वाचाउपचार कुठल्या भाषेत मिळतात, हे बघा. सोलापुरात बहुतेकांचं उत्तर मराठी येईल.

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. शाळा म्हणते, "स्वतःच्या खर्चाने मदतनीस आणा, नाहीतर अकरा वाजता घरी न्या." हे नियमात बसतं का? — एक पालक, मोहोळ तालुका

उत्तर : नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम १६ नुसार अनुदानित असो वा नुसती मान्यताप्राप्त, प्रत्येक शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोयी करायच्या. कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कुठली शाळा, ही निवड मूल आणि पालकांची.

भांडायला जाऊ नका, अर्ज घेऊन जा. एक पान पुरे : मुलाचं नाव, इयत्ता, कोणत्या तारखेपासून लवकर घरी पाठवतात, तुमची मागणी काय. दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी तक्रारीचं पुढे काहीच होत नाही. सोबत तालुक्याच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या विशेष शिक्षकांना भेटा. त्यांनी शाळेत येऊन मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा करून द्यावा ही मागणी लेखी करा. त्याने फरक पडला नाही तर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी आणि शेवटी पुण्याचे राज्य दिव्यांग आयुक्त. दिव्यांग प्रमाणपत्र नसेल तर आजच सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज भरा. तपासणीला शासकीय रुग्णालयात जावं लागतं, म्हणजे बहुतेकांना सिव्हिलला, आणि तारखेला वेळ लागतो. कार्ड हातात आल्यावर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्याचंही बघा. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणात थेरपीचा खर्चही धरतात.

कमी वेळाची शाळा कधीच नको असं नाही. आजारपणानंतर किंवा नव्या वर्गाच्या सुरुवातीला ती उपयोगी पडते. पण किती आठवडे, दर आठवड्याला किती वेळ वाढणार आणि पूर्ण दिवस कधी, हे लिहून द्यायला सांगा. शेवटची तारीख नसलेला कमी वेळ म्हणजे हळूहळू शाळेबाहेर काढणंच.

मदतनिसाविषयी थोडं सावध राहा. ती मुलाला चिकटून बसली की बाई त्याच्याशी बोलणं बंद करतात, शेजारची मुलंही तिलाच विचारतात, "याला खेळायचंय का?" बाईंची सूचना पूर्ण होऊ द्यायची, मनात पाच आकडे मोजायचे, मग फक्त बोटाने दाखवायचं आणि अगदी शेवटी हात लावायचा, एवढं तिला शिकवा. महिन्याभराने तिची जागा शेजारून मागच्या बाकावर गेली पाहिजे.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची, पाचवीत आहे. गावच्या छोट्या शाळेत छान रुळली होती. आता हायस्कूलला गेल्यापासून रोज रडते, गणित दुसरीच्या पातळीवर अडलंय. विशेष शाळेत घालावं का? — एक आई, अक्कलकोट

उत्तर : ताई, दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. रडणं बहुधा गणितामुळे नाही. एका बाईंच्या जागी सहा-सात शिक्षक आले, दर ३५-४० मिनिटांनी माणूस बदलतो आणि मधल्या सुट्टीत कुणाजवळ जायचं हे तिला माहीत नाही. तासांचं वेळापत्रक शिक्षकांच्या फोटोंसह तिच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा, मधल्या सुट्टीसाठी दोन मैत्रिणी आणि एक ठराविक जागा ठरवून घ्या, आणि काहीही झालं तर जायचं असं शाळेतलं एकच माणूस तिला दाखवून ठेवा. एवढं करून सहा आठवडे थांबा. रडणं थांबल्यावर गणिताचं बघता येईल. तिला दुसरीच्या पातळीवरूनच पुढे न्या, पण पैसे, घड्याळ आणि मोजमाप आधी.

सहा आठवड्यांनंतरही जेवण, झोप बिघडलेली असेल, आधी येणाऱ्या गोष्टी ती विसरू लागली असेल किंवा स्वतःला चावत, मारत असेल, तर जागा बदला. त्यात कमीपणा काही नाही. मुलीच्या अंगावर शाळा निघत असेल तर ती शाळा तिची नाही.

दहावीची चिंता पत्रात आहे म्हणून सांगतो. राज्य मंडळाच्या परीक्षेत दर तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. कागदपत्रं नववीतच शाळेकडे द्या. ते झेपणार नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून एकेक, दोन-दोन विषय करत दहावी होता येतं, वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत.

आणि शाळा कुठलीही ठरो, एक काम थांबवू नका. पाळी येण्याआधी पॅड बदलायला शिकवायला आताच घ्या : आधी कोरड्या कपड्यावर पॅड चिकटवायचं, मग काढायचं, कागदात गुंडाळायचं, डब्यात टाकायचं, हात धुवायचे. पाच चित्रं स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. आठवड्यातून दोनदा सराव पुरे, आणि दार लावल्याशिवाय पहिलं चित्र सुरू करायचं नाही.