कानात शिट्टी वाजते आणि जबडाही कटकट करतो, दोघांचा संबंध असतो का?

"मॅडम, कानात सारखं वाजतंय, ईएनटीवाल्यांनी सगळं तपासलं, रिपोर्ट नॉर्मल आले, आता कुणीतरी म्हणतंय हे जबड्यामुळे असेल, असं असतं का हो?" हा प्रश्न हल्ली मला बऱ्याचदा येतो. मी कानाची डॉक्टर नाही आणि दातांचीही नाही, मी समुपदेशक, पण झोप लागत नाही, चिडचिड होते, उगाच रडू येतं म्हणून जे माझ्याकडे येतात त्यांच्यात कानातल्या आवाजाने वैतागलेले लोक असतातच. तर उत्तर आधीच देऊन टाकते. हो, असं असू शकतं. सगळ्यांचं नसतं. आणि ज्यांचं असतं त्यांनीही फक्त जबड्याच्या मागे लागून भागत नाही. हे नीट कळावं म्हणून एका ताईंबद्दल लिहितेय, त्यांना विचारून आणि ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून.

ताई नाशिकच्या सिडकोतल्या, चाळिशी ओलांडलेल्या, एका पतसंस्थेत कॅशला. मिस्टर अंबडला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. मुलगा बारावीला, नीटची तयारी, त्याला गंगापूर रोडला क्लासला सोडणं-आणणं यांच्याकडेच, वर सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मार्च एंडिंगच्या गडबडीत एका रात्री उजव्या कानात बारीक ईईई असा आवाज सुरू झाला. आधी वाटलं फ्रीज वाजतोय, मग उठून इन्व्हर्टर बंद करून बघितला, मग लक्षात आलं की आवाज बाहेर नाहीच, आपल्याच कानात आहे. शेजारच्या काकूंनी लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडायला सांगितलं, ते सोडलं, (कृपा करून कानात काही सोडू नका, तेल नाही, लसूण नाही, काडी तर अजिबात नाही), मग ईएनटीकडे गेल्या. डॉक्टरांनी ते तेल आणि मळ साफ केला, ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) काढला, आवाज एकाच कानात म्हणून एमआरआयही करून घेतला. सगळं चांगलं निघालं.

आणि गंमत बघा, रिपोर्ट चांगले आले आणि ताई जास्त घाबरल्या. "नॉर्मल आहे तर मग वाजतंय काय? म्हणजे माझ्या डोक्यातच काहीतरी झालंय." घरात मिस्टर म्हणाले तुला टेन्शनची सवयच आहे. ते बोलणं त्यांना कानातल्या आवाजापेक्षा जास्त लागलं होतं, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं.

बोलता बोलता त्यांचा फोन वाजला, क्लासमधून होता. त्या ऐकत होत्या, फक्त "हो सर, हो सर" चाललेलं, आणि मला त्यांच्या गालावर, कानाच्या जरा खाली, एक गाठ वर येताना दिसली, आत जाताना दिसली, परत वर. दात आवळले की चावायचा स्नायू तिथे असा फुगतो. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "ताई, आत्ता तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का?" त्या थांबल्या. जीभ फिरवून बघितली. "हो की. घट्ट टेकलेत." मग एकेक बाहेर यायला लागलं. सकाळी उठल्यावर गाल आणि कानशिलं दुखतात. जांभई दिली की उजवीकडे कट्ट वाजतं, कितीतरी वर्षांपासून, पण ते कुणाला सांगायचं असतं असं वाटलंच नाही. मिस्टरांची नाईट नसते तेव्हा ते सांगतात की झोपेत दात खातेस. आणि कॅश काउंटरच्या ड्रॉवरमध्ये सुपारीची डबी, झोप येऊ नये म्हणून.

मी त्यांना एवढंच विचारलं की दात घट्ट आवळले किंवा खालचा जबडा पुढे काढला तर कानातला आवाज बदलतो का. त्यांनी करून बघितलं आणि डोळे मोठे केले. "वाढला! मॅडम, वाढला!"

यात जादू काही नाही. आपल्या कानाच्या भोकासमोर बोट ठेवून तोंड उघडा-मिटा, बोटाखाली जे हलतं तो जबड्याचा सांधा, डॉक्टर त्याला टीएमजे म्हणतात. कानाची नळी अगदी त्याला लागून मागे. शिवाय कानाच्या पडद्याला ताण देणारा एक इवलासा स्नायू आत असतो, त्याला जी नस जाते तिचीच फांदी चावायच्या स्नायूंना जाते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कानाची नस मेंदूत जिथे पहिल्यांदा पोचते, त्या ठिकाणी जबड्याकडून आणि मानेकडून येणारे निरोपही येतात. त्यामुळे जबडा किंवा मान सतत ताणलेली असेल तर ऐकण्याच्या यंत्रणेत खुडबुड होऊ शकते, आणि काही लोकांना आवाज ऐकू येतो किंवा असलेला आवाज वाढतो. जबड्याचा त्रास असणाऱ्यांमध्ये कानात आवाज येण्याची तक्रार इतरांपेक्षा जास्त आढळते हे खरंय. हे काही आजचं नाही, १९३४ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या जेम्स कॉस्टन नावाच्या ईएनटी डॉक्टरांनी जबड्याचा सांधा आणि कानाच्या तक्रारी एकत्र मांडल्या होत्या. त्यांनी दिलेलं कारण, म्हणजे दाढा पडल्यामुळे जबडा मागे सरकून दाबतो वगैरे, पुढे टिकलं नाही, पण दोन्ही त्रास एकाच माणसात दिसतात हे निरीक्षण टिकलं.

पण आवाज बदलला म्हणजे कारण सापडलंच असंही नाही हं. ज्यांना ऐकू कमी येतं म्हणून आवाज येतो त्यांच्यातही दात आवळल्यावर आवाज बदलू शकतो. म्हणून हा एक धागा फक्त. मी त्यांना जबड्याचं काम बघणाऱ्या दंतवैद्यांकडे पाठवलं. तिथे निघालं की दाढा घासल्या गेल्यात, स्नायूंवर दाबलं की दुखतंय आणि सांध्यातली चकती तोंड उघडताना जागची हलतेय, तोच तो कट्ट आवाज. रात्री दातांवर लावायचा स्प्लिंट, म्हणजे प्लास्टिकचं कवच, करून दिला, सुपारी बंद, काही दिवस मऊ खाणं, गालावर कोमट शेक आणि फिजिओकडून जबड्याचे-मानेचे हलके व्यायाम. ताईंचा पहिला प्रश्न, "मिसळ?" मिसळीतला पाव चालेल, वरचा पापड आणि कडक फरसाण राहू द्या. इथे मला एक मत ठामपणे सांगायचंय, पहिल्याच फटक्यात कुणी दात घासून बाइट (वरचे-खालचे दात जुळणं) सेट करू किंवा सांध्याचं ऑपरेशन करू म्हणालं तर दुसरं मत घ्या. सुरुवात नेहमी जे उलटवता येतं अशाच उपायांनी व्हावी, घासलेला दात परत येत नाही.

आता खरी अडचण पुढेच आली, आणि ती माझ्या खात्यातली होती. पुढच्या भेटीला ताई आल्या त्या तोंड पाडून. स्प्लिंट लावतात, सुपारी सुटलीय, पण आवाज वाढलाय आणि जबडा आधीपेक्षा जास्त दुखतोय. मी म्हटलं दिवसभरात काय काय करता सांगा बरं. तर काय, त्यांना ती युक्ती कळल्यापासून दर थोड्या वेळाने त्या दात आवळून बघत होत्या की आवाज अजून बदलतो का. गिऱ्हाईक गेलं की बघ, सिग्नलला थांबलं की बघ, रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तर बघ बघ बघ. कमी वाटला तर आनंद, तेवढाच वाटला तर पोटात गोळा. दाताच्या फटीत काही अडकलं की जीभ सारखी तिथेच जाते ना, तसं झालं होतं. ज्या स्नायूंना विश्रांती द्यायची त्यांचाच दिवसभर व्यायाम, आणि मेंदूला सारखी सूचना की हा आवाज फार महत्त्वाचा आहे, लक्ष ठेव.

म्हणून आमचं समुपदेशन मुख्यतः याच्यावर चाललं. जबड्याची परीक्षा घेणं बंद, अगदी बंद, परीक्षा घ्यायची ती डॉक्टरांनी. त्याऐवजी एक वेगळी सवय लावली, ओठ मिटलेले, दात सुटलेले, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला हलकेच टेकलेलं. जेवताना आणि गिळताना सोडलं तर दात एकमेकांना टेकायचं काही कारणच नसतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आठवण राहावी म्हणून त्यांनी नोटा मोजायच्या मशीनवर एक हिरवी टिकली लावली, टिकली दिसली की दात सोडायचे, खांदे खाली. सोबतची मॅनेजर विचारत राहिली हे काय, यांनी सांगितलं नाही.

रात्रीचं वेगळं. एकदम शांत खोलीत आवाज मोठा वाटतो, म्हणून पंखा चालू किंवा मोबाईलवर पावसाचा आवाज अगदी हळू, कानातलं बुडवून टाकेल इतका मोठा नको. आणि मनात जे वाक्य चालायचं, "हा आवाज असाच राहिला तर मी वेडी होईन", ते आम्ही कागदावर लिहून तपासलं. आतापर्यंत आवाज असताना कॅश जुळली का? जुळली. मुलाच्या मॉक टेस्टचा दिवस निभावला का? निभावला. या पद्धतीला सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) म्हणतात, आणि अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या संघटनेने २०१४ साली टिनिटसबद्दल, म्हणजे कानातल्या अशा आवाजाबद्दल, ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात सततच्या त्रासदायक आवाजासाठी सीबीटीची शिफारस आहे, आणि गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक, मेलाटोनिन असल्या गोळ्यांची शिफारस करू नका असंही आहे. तरी लोक हजारो रुपयांच्या बाटल्या मागवतात, काय बोलणार.

मिस्टरांनाही एकदा बोलावलं. टेन्शन म्हणजे नाटक नव्हे, टेन्शनने दात आवळले जातात, दात आवळल्याने आवाज वाढतो, आवाजाने परत टेन्शन, एवढं त्यांना समजावलं. कंपनीतला माणूस, लगेच म्हणाले, "म्हणजे लूप आहे, कुठेतरी तोडायचा." मुलाला क्लासला सोडायचं त्यांनी घेतलं, निदान जनरल शिफ्टच्या आठवड्यात.

काही महिन्यांनी जबड्याचं दुखणं जवळपास गेलं. कट्ट आवाज अजून येतो, दुखत नसेल आणि तोंड अडकत नसेल तर त्याला काही करावं लागत नाही. कानातला आवाज पूर्ण गेला नाही, कमी झाला, मार्च एंडिंगला किंवा जागरण झालं की येतो, पण त्या आता उठून फ्रीज बंद करायला जात नाहीत.

सगळ्यांचं असं नसतं म्हणून आधी सांगितलं. माझ्याकडे ढोल पथकातला एक मुलगा यायचा, त्याच्याही कानात वाजायचं, त्यानेही जबड्याचं कुठेतरी वाचलेलं. त्याचा ऑडिओग्राम काढला तर मोठ्या आवाजाने कानाला झालेलं नुकसान दिसलं. नाशिक ढोलाचा अभिमान मलाही आहे, पण पथकात वाजवणाऱ्यांनी आणि सातपूर-अंबडला कंपन्यांच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर काम करणाऱ्यांनी इअरप्लग घालाच. आणि सुपारी-गुटखा खाणाऱ्यांचं तोंड उघडायला कमी व्हायला लागलं, तिखट लागून जळजळ व्हायला लागली तर त्याला नुसतं जबडा आखडला म्हणून सोडू नका, दंतवैद्यांना लगेच दाखवा, तो आजार वेगळा आणि पुढे कॅन्सरकडे जाऊ शकणारा आहे.

क्रम म्हणून विचाराल तर आधी ईएनटी आणि ऐकण्याची तपासणी, मग जबडा. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधड असा येत असेल, सोबत चक्कर असेल, तर थांबू नका. चालू असलेल्या गोळ्यांची यादी बरोबर न्या, काही औषधांनीही कानात वाजतं, पण स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. आणि एका कानाने अचानक ऐकू येणं कमी झालं तर ती इमर्जन्सी आहे, त्याच दिवशी ईएनटी गाठायचा, उपचार जितके लवकर तितकं ऐकू परत येण्याची शक्यता जास्त. माझ्याकडे नंतर आलात तरी चालेल.