वाचक विचारतात : 'ट्वायलाइट झोन' कुठनं बघायला सुरू करू?

प्रश्न : 'द ट्वायलाइट झोन' ही जुनी अमेरिकन सिरीयल बघायची लई दिवसांची इच्छा आहे, खरं दीडशेच्या वर एपिसोड आहेत म्हणे, सगळे कधी बघून होणार. आई पण सोबत बसते, तिला मराठी आणि कन्नड येतं, इंग्रजी कळत नाही. तुमचे आवडते भाग सांगा आणि प्लीज शेवट सांगू नका. (एक वाचक, खानापूर)

उत्तर : शेवट नाही सांगत, बिनधास्त वाचा. १९५९ ते १९६४, पाच सीझन, १५६ भाग, प्रत्येकात गोष्ट नवी आणि माणसं नवी, त्यामुळं ओळीनं बघायची गरजच नाही.

आई सोबत असतील तर पहिला 'द इन्व्हेडर्स' लावा. रानातलं एकटं घर, आत एकटी बाई, छपरावर काहीतरी आदळतं आणि त्यातनं टीचभर उंचीचे जीव बाहेर येतात. ॲग्नेस मूरहेड या नटीला सबंध भागात एकही वाक्य नाही, नुसत्या धापा, किंचाळणं आणि डोळ्यातली भीती, आणि तेवढ्यावर ती पूर्ण वेळ आपल्याला धरून ठेवते. शेवटाला थोडं इंग्रजी बोलणं येतं, तेवढं मात्र आईंना तिथल्या तिथं सांगा, ते निसटलं तर गोष्टच निसटली.

माझा सगळ्यात आवडता १९६० चा, 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट'. डोक्यावरनं काहीतरी चमकत जातं आणि गल्लीतला करंट, फोन, गाड्या सगळं बंद. पावसाळ्यात आपल्याकडं करंट गेला की सगळे दारात येऊन गप्पा मारत उभे राहतात ना, तसेच हे लोक पण उभे असतात, खरं एक पोरगं म्हणतं की परग्रहावरचे लोक आधी माणसासारखं दिसणारं एक कुटुंब पाठवतात, आणि मग सुरू होतं, ह्याचीच गाडी आपोआप कशी चालू झाली, तो रात्री आभाळाकडं बघत का उभा असतो. मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी घरं भिंतीला भिंत लावून राहतात तिथल्या आपल्यासारख्यांना 'हा आपल्यातला नाही' हे किती लवकर तोंडात येतं ते वेगळं सांगायला नको, म्हणून हा भाग मला इतका लागतो. सिरीयलचा कर्ता रॉड सर्लिंग, ९२ भाग त्यानंच लिहिलेत. आधी तो टीव्हीसाठी वंशद्वेषावर सरळ नाटकं लिहायचा तर जाहिरातदार कापाकापी करायचे, परग्रहवाले आणल्यावर तेच म्हणणं टीव्हीवर जाऊ लागलं.

त्यानंतर 'टाइम इनफ ॲट लास्ट' बघा, वाचनाचं वेड असलेला बँकेतला क्लार्क, बायको वाचू देत नाही, साहेब वाचू देत नाही, आणि एक दिवस वेळच वेळ मिळतो. तुम्हाला पुस्तकं आवडत असतील तर फार त्रास होणार बघा. 'आय ऑफ द बिहोल्डर' मध्ये तोंडाला पट्ट्या बांधलेली पेशंट आहे, तिथं कॅमेरा काय दाखवत नाही याकडं लक्ष ठेवा. विमानातली भीती हवी असेल तर विल्यम शॅटनर या नटाचा 'नाइटमेअर ॲट ट्वेंटी थाउजंड फीट'.

चौथा सीझन सध्या सोडा, त्यातले १८ भाग तासा-तासाचे आहेत, अर्ध्या तासाची गोष्ट ताणल्यासारखी वाटते.

आणि 'टू सर्व्ह मॅन' बघायचा असेल तर आजच बघा, त्याचा शेवट नेटवर इतका फिरतोय की उद्या कुणीतरी सांगून टाकेल.