जुनी ग्राफिक्स लायब्ररी सोबत बाळगताना

मॅटप्लॉटलिब या पायथनमध्ये आलेख काढणाऱ्या लायब्ररीच्या सोर्समध्ये ॲग, म्हणजे अँटी-ग्रेन जॉमेट्री, या चित्रे रेखाटणाऱ्या सी++ लायब्ररीची 2.4 ही आवृत्ती सोबतच ठेवलेली आहे. ती जुनी दिसते म्हणून 2.5 आणण्याचा बदल कृपया पाठवू नका. 2.5 पासून ॲगचा परवाना जीपीएल (जोडून वितरित केलेला कोडही त्याच अटींवर खुला ठेवायला लावणारा परवाना) झाला, तर मॅटप्लॉटलिबचा परवाना बीएसडी या सैल अटींच्या परवान्याशी सुसंगत आहे, त्यामुळे ती जोडली की आपल्या वापरकर्त्यांवर जीपीएलच्या अटी येतील. ॲगचे मूळ लेखक मॅक्सिम शेमानारेव 2013 मध्ये निवर्तले. त्यांनी लिहिलेल्या फाइलींतील परवान्याचा मजकूर जसाच्या तसा राहू द्या, याबाबत मी आग्रही आहे.

फ्रीटाइप या अक्षरे रेखाटणाऱ्या लायब्ररीची जुनी आवृत्ती सोबत ठेवण्याचे कारण वेगळे आहे. चाचण्यांमध्ये काढलेले आलेख साठवलेल्या चित्रांशी ताडून पाहिले जातात आणि फ्रीटाइपची आवृत्ती बदलली की अक्षरांच्या कडांचे पिक्सेल बदलतात. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर निकाल सारखे यावेत म्हणून अनेक वर्षे 2.6.1 हीच आवृत्ती धरून ठेवली होती. मात्र लिनक्स वितरणांतून येणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या अशा सोबतच्या प्रतीपर्यंत आपोआप पोहोचत नाहीत, म्हणून सिस्टिमवरील लायब्ररी वापरण्याचा पर्याय कधीही काढू नका. तुम्हाला प्रतीत दुरुस्ती करावीच लागली, तर ती कारणासह स्वतंत्र कमिटमध्ये (बदलाच्या वेगळ्या नोंदीत) ठेवा.