‘शॅरेट’ आले कोठून?

प्रश्न : वास्तुकला शिकणारी माझी मुलगी आराखडे सादर करण्याच्या आदल्या रात्रीच्या जागरणाला ‘शॅरेट’ म्हणते. हा शब्द कोठला?

उत्तर : हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ गाडी. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या एकोल द बोझार या कलाशाळेत मुदत संपली की रेखाटने गोळा करायला गाडी येई आणि काही विद्यार्थी चालत्या गाडीतही कागदावर शेवटचा हात फिरवत, असे सांगतात. तेथे रचनेचे धडे जाणत्या वास्तुकाराच्या कार्यशाळेत मिळत. स्पर्धेच्या वेळी मात्र विद्यार्थ्याला एका खोलीत एकट्याने बसून कच्चा आराखडा करावा लागे, आणि पुढे तो तपशिलात उतरवताना मूळ कल्पना सोडण्याची मुभा नसे. आजच्या विद्यार्थ्यांना हे जाचक वाटेल. मला त्यात निर्णयाची तालीम दिसते. पॅरिसची ती घडी १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर मोडली. तत्पूर्वी, १९१९ मध्ये जर्मनीतील वायमार येथे सुरू झालेल्या बाउहाउस या कलाशाळेने अभिजात नमुने गिरवण्याऐवजी लाकूड, धातू, विणकाम हाताळायला लावले. गंमत म्हणजे तेथे वास्तुकलेचा स्वतंत्र विभाग १९२७ पर्यंत नव्हताच. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ब्रिटिश वास्तुकार क्लॉड बॅटली यांनी विद्यार्थ्यांकडून जुन्या भारतीय इमारती जागेवर मोजून रेखाटून घेतल्या.